पुलाचं दुसरं आयुष्य

चिंचोटीहून महामार्गाने मुंबईकडे निघालं की वर्सोवा पुलाखाली जी वसईची खाडी दिसते, तीच पश्चिमेला नायगाव-भाईंदरदरम्यान रेल्वे ओलांडते. मध्ये पाणजू बेट. होडी चुकली की तिथल्या माणसांना रुळांलगतची अरुंद वाटच उरते. पायाखाली खाडी, अंगावर गाडीचा वारा. म्हणूनच गाड्या नव्या पुलावर गेल्या की जुना पूल भंगारात काढावा, हे मला पटत नाही. गंजलेलं लोखंड धोक्याचं, हा आक्षेप खरा आहे. पण चालणाऱ्यांचा भार आगगाडीच्या मानाने पुष्कळ कमी, आणि तपासणी करून कुजलेले भाग बदलता येतात. अमेरिकेत हडसन नदीवरचा १८८९ चा रेल्वेपूल १९७४ च्या आगीनंतर पडून होता. २००९ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. अमेरिकेतल्याच स्टिलवॉटरचा १९३१ चा उचलता पूल रेल्वेचा नव्हे, रस्त्याचा. तोही २०२० पासून पायवाट झाला, आणि बोटींसाठी त्याचा उचलता गाळा अजूनही वर जातो. खर्च येईल, हो. पाडायलाही येतोच. जुन्या पुलाचा निकाल लावण्याआधी पाणजूकरांना विचारा.