संगणकालाही लागते मोकळी हवा!

बालमित्रांनो, आज आधी एक कोडे घालते. संगणकाच्या डब्यात एक पंखा घर्र घर्र करत जोरात फिरतो आहे. त्याच्या आवाजाने वर्गात बोललेले नीट ऐकू येत नाही. आता त्याच डब्यात आपण आणखी एक पंखा बसवला, तर आवाज वाढेल की कमी होईल?

“वाढेल!” असेच म्हणालात ना? एका पंख्याचा त्रास काय कमी होता, त्यात आणखी दुसरा! पण थांबा. नीट बसवला तर आवाज चक्क कमी होतो, आणि संगणकही थंड राहतो. ही जादू नाही बरं का, साधे गणित आहे. पण त्याआधी संगणक मुळात तापतो का, ते पाहू.

आमची वाशी आणि उन्हाळा

वाशी म्हटले की पुष्कळांना नवी मुंबईतली वाशी आठवते. मी सांगते आहे ती धाराशिव जिल्ह्यातली वाशी, बालाघाटच्या डोंगररांगेतली. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. शाळा सकाळची होते. रस्त्यावर काळ्या मातीचा फुफाटा उडतो आणि तो दारे-खिडक्यांतून सगळीकडे जाऊन बसतो. पाटीवर, पुस्तकावर आणि अर्थातच संगणकातही.

उन्हाळा आला की शाळांतून, घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : “संगणक फार आवाज करतोय”, “मध्येच हळू चालतोय”, “आपोआप बंदच पडतोय.” लगेच कोणीतरी म्हणते, “जुना झाला, नवा घ्या.” पण दर वेळी यंत्र जुने झालेले असतेच असे नाही. कधी कधी ते बिचारे नुसते गुदमरलेले असते.

बशी, फुंकर आणि खिडकी

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. १०० वॉटचा जुना पिवळा दिवा आठवतो? हात जवळ नेला तरी चटका बसायचा. काम करणारा एक साधा संगणकही साधारण तेवढी वीज खाऊ शकतो. म्हणजे एका बंद पत्र्याच्या डब्यात तो दिवा लावून ठेवल्यासारखेच झाले की!

सर्वांत जास्त तापतो तो प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरला सुमारे १५ वॉट लागत. आजच्या टेबलावरच्या संगणकांतल्या कितीतरी प्रोसेसरांवर ६५ वॉटचा आकडा असतो. एवढीशी चकती, पण ताप केवढा!

मग तो थंड कसा करायचा? घरी आजोबा गरम चहा कसा पितात ते पाहा. कपातला चहा ते बशीत ओततात. चहा पसरतो, त्याला जास्त हवा लागते, तो लवकर निवतो. प्रोसेसरवर एक धातूचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला पातळ पातळ पात्या असतात. त्याला म्हणतात हीटसिंक. ही झाली प्रोसेसरची बशी.

आजोबा बशीवर फुंकर मारतात. हीटसिंकवर एक छोटा पंखा असतो. ही झाली फुंकर.

आता कल्पना करा, आजोबांना त्यांच्या बशीसह एका बंद कपाटात बसवले! ते फुंकर मारताहेत, पण आतली हवाच गरम होत चालली आहे. तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फुंकून चहा कसा निवणार? त्यांना हवी खिडकी. संगणकाच्या डब्याला, ज्याला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतात, जे जादा पंखे बसवतात ते या खिडकीचे काम करतात. एक पंखा बाहेरची हवा आत घेतो, दुसरा आतली गरम हवा बाहेर टाकतो.

किती हवा लागते, हेही काढता येते. १०० वॉट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला साधारण साडेआठ लिटर हवा डब्यातून वाहायला हवी. म्हणजे सेकंदाला अर्धी बादली हवा! एवढी हवा भोकांतून आपली आपण ये-जा करणार नाही, तिला ढकलावेच लागते.

आता कोड्याचे उत्तर

एक पंखा मिनिटाला २००० फेरे घेतो आहे असे समजा. त्याच्याऐवजी तसेच दोन पंखे लावले आणि दोघांनाही १००० फेऱ्यांवर फिरवले. फेरे निम्मे, म्हणून प्रत्येकाची हवा निम्मी. पण पंखे दोन, म्हणून एकूण हवा जवळपास तेवढीच.

आणि आवाज? इथेच गंमत आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. पंख्याचे फेरे निम्मे केले की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे आधी ४० डेसिबल असेल, तर एका मंद पंख्याचा २५ आणि दोघांचा मिळून २८! आपल्या कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखी वाटते. इथे तर १२ डेसिबल कमी झाले. एका माणसाने ओरडण्यापेक्षा दोघांनी कुजबुजलेले बरे, असेच हे आहे.

मोठ्या पंख्याचाही असाच फायदा. पंख्यांची मापे मिलिमीटरमध्ये असतात : ८०, १२०, १४०. ८० आणि १२० च्या चौकोनांचे क्षेत्रफळ काढून पाहा बरे. १२० चा चौकोन सव्वादोन पट मोठा निघतो. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा देतो. मात्र कॅबिनेटला किती मापाची जागा आहे, ते आधी पट्टीने मोजायचे.

धूळ आत येऊ नये म्हणून

पंखा विकत आणला आणि दिसेल त्या भोकावर लावला, असे करून चालत नाही. हवेला रस्ता लागतो. समोरून, खालच्या बाजूने थंड हवा आत. मागून, वरच्या बाजूने गरम हवा बाहेर. वाटेत प्रोसेसर, मेमरी, हार्डडिस्क सगळ्यांना वारा लागतो. समोरासमोर खिडक्या असलेल्या खोलीत कसा वारा खेळतो, तसेच.

पंखा हवा कुठे फेकतो हे ओळखायची खूण आहे. ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि मधे स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची तर पातळ कागदाची पट्टी जवळ धरा. पंखा तिला ओढून घेतो की ढकलून देतो, लगेच कळते.

आता आमच्यासारख्या धुळीच्या गावासाठी खास गोष्ट. सगळे पंखे हवा बाहेर टाकणारेच लावले तर काय होईल? डबा तेवढी हवा कुठून तरी आत ओढणारच. मग फटीफटीतून, भोकाभोकांतून फुफाटा आत! त्याऐवजी आत घेणारी हवा बाहेर टाकणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची आणि आत घेणाऱ्या पंख्यापुढे बारीक जाळी लावायची. मग फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते आणि धूळ जाळीवर अडकते. जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडली पाहिजे. झाडली नाही, तर तीच खिडकीचे झाकण होते.

पुष्कळ जण कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून ठेवतात आणि समोर टेबलफॅन लावतात. सुरुवातीला यंत्र थंड वाटतेही. पण धुळीचा थर पात्यांमध्ये भरला की बशीला हवाच लागत नाही. शिवाय झुरळे, पाली आणि लहान भावंडांचे हात आत जातात, ते वेगळेच!

मुंबई-पुण्याचे मोठे संगणक

तापाची ही अडचण फक्त तुमच्या-आमच्या संगणकाची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक तयार झाला. त्यात सुमारे २७०० काचेच्या नळ्या होत्या, प्रत्येक नळी दिव्यासारखी तापणारी. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. पुण्यातल्याच ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ आला. त्याला नुसता वारा पुरत नाही, तिथे पाणी खेळवून उष्णता काढून नेतात. का? तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते! आपल्या शाळेच्या संगणकाला एवढा थाट नको. दोन मंद पंखे आणि एक स्वच्छ जाळी त्याला पुष्कळ झाली.

आधी हे करा

पंखे विकत आणण्याआधी बिनपैशाचे उपाय करून पाहा. काही वेळा तेवढ्यावरच काम भागते.

१. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल, तर बाहेर काढा. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

२. संगणक चालू असताना त्यावर कापडी किंवा प्लॅस्टिकचे कव्हर नको. कव्हर फक्त बंद असताना.

३. मोठ्या माणसाच्या मदतीने आतली धूळ काढा. आधी संगणक बंद, मग प्लग काढलेला, मग पाच-दहा मिनिटे थांबायचे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरा, नाहीतर ते वेडेवाकडे जोरात फिरून खराब होते.

४. वायरी आत लोंबत असतील, तर त्या एका कडेला बांधून घ्या. हवेचा रस्ता मोकळा होतो.

५. आवाज ओळखायला शिका. ‘खडखड’ असेल तर एखादी वायर पात्याला लागत असते. ‘घरघर’ असेल तर पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते. पत्रा थरथरत असेल तर पंख्याच्या स्क्रूखाली रबरी वॉशर घालतात.

एवढे करूनही यंत्र तापत असेल, तर मग पंखे. साधा पंखा काही शे रुपयांना मिळतो. पालकांना एक विनंती : नवा संगणक घ्यायच्या आधी हा छोटा खर्च करून पाहा, आणि काम चालू असताना मुलांना शेजारी उभे राहून बघू द्या. मुलांनो, तुम्हीही एक वचन द्या. वीज आत येते तो ‘एसएमपीएस’ नावाचा बंद डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहिलेली असू शकते.

वहीत मांडा

पंखे लावल्याचा उपयोग झाला की नाही, हे अंदाजाने सांगायचे नाही, मोजायचे. वहीत तीन रकाने आखा : खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि दोघांतला फरक. प्रोसेसरचे तापमान संगणकाच्या ‘बायोस’मध्ये दिसते, ते मोठ्यांकडून दाखवून घ्या.

समजा, सकाळी खोली ३० अंश आणि प्रोसेसर ६२. फरक ३२. दुपारी खोली ४१ आणि प्रोसेसर ७३. फरक पुन्हा ३२! म्हणजे दुपारी यंत्र बिघडले नाही, खोली तापली. पंखा हवा थंड करत नाही, फक्त बदलतो. कितीही पंखे लावले तरी संगणक खोलीपेक्षा थंड होणार नाही. पंखे लावल्यावर जर फरक ३२ वरून २४ वर आला, तर समजा खिडकी बरोबर उघडली. आणि खोलीच थंड ठेवायची असेल, तर खिडकीला पडदा लावा, संगणक उन्हाच्या भिंतीपासून दूर सरकवा आणि जास्तीचे काम सकाळच्या वेळात करा.

शाळेतला संगणक एकट्या तुमच्या वर्गाचा नसतो. आज तुम्ही त्यावर चित्रे काढता, पुढच्या वर्षी पाठीमागच्या वर्गातली मुले काढतील. त्यांच्यापर्यंत तो धड पोचायचा असेल, तर दर पंधरा दिवसांनी जाळी झाडायची पाळी वर्गात वाटून घ्या. पहिली पाळी कोणाची?