दुसऱ्या पंगतीतून पहिल्या पंगतीत

हरणाऱ्या टीमची बाजू घेणं काय असतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईवाल्यांचं बरं असतं. त्यांनी रणजी ट्रॉफी 2024 पर्यंत तब्बल 42 वेळा जिंकली. आपल्याकडे मात्र पेपरात खेळाच्या पानावर, अगदी खाली कोपऱ्यात, दोन ओळींची बातमी यायची... ‘विदर्भ पराभूत’. आमचे हे पेपरची घडी घालून म्हणायचे, ‘‘हारले बाप्पा पुन्हा!’’ झालं, संपला विषय.

मैत्रिणींनो, क्रिकेट दिसलं म्हणून पान उलटू नका. स्कोअर कळला नाही तरी चालेल. वर्षानुवर्षं हरणारी एक टीम कशी उभी राहिली, त्याची ही गोष्ट आहे. आपल्या गावातल्या कॉलेजच्या पोरींशीही तिचा संबंध आहे, तो पुढं सांगतेच.

विदर्भाची टीम 1957-58 पासून रणजीत खेळते. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. पण साठ वर्षांत एकदासुद्धा फायनल नाही! 2002 मध्ये रणजीत ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ असे दोन गट झाले. मोठ्या टीम एलिटमध्ये, बाकीच्या प्लेटमध्ये. आपण बरीच वर्षं प्लेटमध्येच होतो. लग्नात पहिली पंगत पाहुण्यांची असते ना, आणि घरचे, कामाचे सगळे मागून जेवतात? तसं ते. वरण थंड झालेलं, जिलेबी संपलेली.

बनोस्यात माझं फॉल-पिकोचं छोटंसं दुकान आहे. मशीनवर बसलं की हात चालू आणि तोंडही चालू. समोरच्या पानठेल्यावर पोट्ट्यांची चर्चा रंगायची ती कानावर पडायची. ‘‘सारे पोट्टे नागपूरचेच घेतात.’’ ‘‘आपल्याले जमतच नाही.’’ ‘‘पाणीच तसं हाये इथलं!’’ पाण्याचं तर काय, दर्यापूर खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळे काहीही बिघडलं की दोष पाण्यावर घालायची आपली सवय! सासूबाई मात्र सरळ विचारायच्या, ‘‘रोज हारते तं पाह्यतं कायले व माय?’’

मी म्हणायची, ‘‘आई, आपली हाये म्हून पाह्यतो.’’

या चिडण्याची मला कधी लाज वाटली नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते त्याच्यावर माणूस चिडत नाही. पण नुसतं चिडून टीम सुधारत नाही, हेही तेवढंच खरं. मग सुधारली कशी?

एका रात्रीत नाही, एवढं पहिलं लक्षात घ्या. 2008 मध्ये नागपूरजवळ जामठ्याला नवं स्टेडियम झालं. सौरव गांगुली शेवटची कसोटी खेळला ते मैदान. त्याच सुमारास विदर्भ क्रिकेट असोसिएशननं पोरांसाठी निवासी अकादमी काढली. लहान वयातली पोरं हेरायची, एकत्र ठेवायची, रोज सराव, वेळेवर जेवण, तेच ते शिक्षक. क्रिकेट मंडळाकडून येणारा पैसा गाठीशी होता, हे खरं. पण पैसा कुणाकडे नसतो? तो पोरांवर वर्षानुवर्षं घालायला धीर लागतो. आंब्याची कोय लावून दुसऱ्या दिवशी खांदून पाहणाऱ्याला आंबा मिळत नाही.

मधल्या काळात एक नाव चमकलं, उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. टेनिस बॉलवर खेळणारा हा पोरगा वयाच्या विशीत लेदर बॉलकडे वळला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या टीममधून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्या दिवशी आमच्या पानठेल्यावर ‘पाण्याचा’ विषय निघाला नाही!

तरी टीम म्हणून आपण मागेच. 2014-15 आणि 2015-16 मध्ये क्वार्टर फायनलपर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. मग 2017-18 च्या मोसमासाठी कोच म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईचे, शिस्तीला एकदम कडक. आपल्या शाळेत एखादे गुरुजी असायचे ना, वर्गात पाऊल टाकलं की टाचणी पडली तरी ऐकू यावी... तसे! कॅप्टन आपला नागपूरचा फैज फजल. सोबत मुंबईचा वसीम जाफर, चाळिशीला टेकलेला.

बाहेरचे खेळाडू आणले म्हणून तेव्हाही नाकं मुरडली गेली. ‘‘जिंकले तरी पाहुण्यायच्या जिवावर!’’ मला हे काही पटत नाही. अहो, आपण सगळ्या बाहेरूनच आलो की या घरांमध्ये! सून दुसऱ्या गावची असते म्हणून तिनं सारवलेलं अंगण परकं होतं का? जाफरनं नुसत्या धावा काढल्या नाहीत, पोरांना मोठी खेळी कशी बांधायची ते शेजारी उभं राहून दाखवलं. 2018-19 मध्ये तर त्यानं एका मोसमात 1037 धावा केल्या.

आणि आता ती मॅच. डिसेंबर 2017, कोलकात्याचं ईडन गार्डन, सेमीफायनल, समोर कर्नाटक. त्यांना जिंकायला 198 हव्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे सात गडी बाद, अजून 87 धावा बाकी. आपण जिंकल्यातच जमा! पण शेवटच्या दिवशी त्यांचं शेपूट काही तुटेना. दुकानात मोबाईल मशीनला टेकवून ठेवलेला, पायाखाली पायडल थांबलेलं. एक वहिनी साडी घ्यायला आल्या तर त्याही स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी कर्नाटक 192 वर ऑलआउट. फक्त 5 धावांनी जिंकलो! रजनीश गुरबानी नावाच्या इंजिनिअर पोरानं त्या मॅचमध्ये 12 विकेट घेतल्या. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘काहीच समजलं नाही, पण छातीत धडधडलं व बाई!’’

फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरच्या 133, आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भ 9 गडी राखून विजेता. आपल्यासाठी आणखी गोड गोष्ट म्हणजे याच फायनलमध्ये अकोल्याचा आदित्य ठाकरे रणजीत पहिल्यांदा खेळला. (नावावरून गैरसमज नको, हा बॉलर!) थोड्याच दिवसांत त्याला 19 वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी बदली खेळाडू म्हणून न्यूझीलंडचं बोलावणं आलं. त्याच मोसमात विदर्भाच्या 19 वर्षांखालच्या टीमनं कूचबिहार ट्रॉफी जिंकली. तिच्या फायनलमध्ये अकोल्याच्याच अथर्व तायडेनं 320 धावा ठोकल्या. म्हणजे वरच्या टीमच्या मागं खालची टीमही तयार होत होती. चुलीवर एक पोळी फुगते तेव्हा पोळपाटावर दुसरी लाटून तयार हवी, नाही तर तवा जळतो.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 2019 मध्ये, सौराष्ट्राला जामठ्यावर 78 धावांनी हरवून पुन्हा रणजी आपल्याकडेच. पाठोपाठ इराणी कपही राखला आणि त्याची बक्षिसाची रक्कम टीमनं पुलवामाच्या शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली. ते वाचून सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोट्टे चांगले निंघाले व!’’

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पंडित दुसरीकडे गेले, जाफर निवृत्त झाला, काही वर्षं हातात ट्रॉफी नाही. लगेच पानठेल्यावर सुरू... ‘‘दोन वेळा नशिबानं लागलं होतं!’’ मार्च 2024 मध्ये पुन्हा फायनल, वानखेडेवर मुंबईशी. जिंकायला 538 हव्या होत्या. कुणी म्हणालं, दीडशेत गुंडाळतात. आपली पोरं 368 पर्यंत लढली, कॅप्टन वाडकरनं शतक काढलं, 169 धावांनी हरलो. हरलो तरी पूर्वीसारखं हरलो नाही, हे मशीनवर बसून मलाही कळलं.

आणि पुढच्याच वर्षी, 2 मार्च 2025 ला, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी! एकविशीतल्या दानिश मालेवारनं 153 काढल्या, हर्ष दुबेनं त्या मोसमात 69 विकेट घेऊन रणजीतला विक्रम केला. करुण नायर कर्नाटकातून आलेला, त्यानं दुसऱ्या डावात शतक ठोकलं. नंतर तो परत आपल्या कर्नाटकाकडे गेला. आपल्या अमरावतीचा जितेश शर्माही 2025 मध्ये बडोद्याकडे गेला. येणारे येतात, जाणारे जातात. पण त्या ऑक्टोबरमध्ये इराणी कप पुन्हा विदर्भानंच जिंकला आणि त्यात अकोल्याच्या तायडेचं शतक होतं. म्हणजे टीम एकदोघांवर उभी राहिलेली नाही.

आता आपल्या पोरींकडे येते.

माझी भाची एका कॉलेजात शिकते. नाव नको, नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. ती कबड्डी खेळते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की आठ दिवस आधी टीम ‘बनते’. वर्गात कोण उंच, कोण धडधाकट, असं पाहून नावं लिहितात. टी-शर्ट मुलांचे, मापात न बसणारे. पहिलीच मॅच हरतात आणि एसटीनं परत येतात. तीन वर्षं हेच. दिवाळीत भाची म्हणाली, ‘‘मावशी, सोडतो आता. सारेच हसतात.’’

आणि हे कुठं? ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे तिथं! ज्या मंडळाच्या पथकानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी करून दाखवली, त्याच जिल्ह्यात आमच्या पोरींनी आठ दिवसांच्या तयारीवर उतरायचं?

क्रिकेटमध्येही आपल्या मुली मागे नाहीत. अमरावतीची भारती फुलमाळी मार्च 2019 मध्ये गुवाहाटीत इंग्लंडविरुद्ध भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. नंतर टीमबाहेर गेली, पण खेळत राहिली आणि 2025 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध तिनं 61 धावा झोडपल्या. अमरावतीचीच दिशा कासट त्या लीगमध्ये बंगलोरच्या टीममध्ये होती. नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या वर्ल्ड कपच्या भारतीय संघात होती. म्हणजे दोष पाण्याचा नाही, बरं का!

विदर्भाच्या टीमकडून कॉलेजनं काय घ्यावं? जामठ्याचं स्टेडियम काही आपण बांधू शकत नाही. पण जूनमध्ये टीम निवडून वर्षभर तीच ठेवायला किती पैसे लागतात? पहिल्या वर्षाच्या चार मुली थर्ड इयरच्या मुलींसोबत खेळवल्या, तर मोठ्या गेल्यावर टीम रिकामी होत नाही. आठवड्यातून एक दिवस जवळपासच्या कॉलेजशी मॅच ठेवायची. शिट्टी वाजवणारा एकच माणूस तीन वर्षं टिकवायचा. सरावानंतर मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मापाचे टी-शर्ट? ते माझ्याकडे लागले, कापड तेवढं आणून द्या.

आणि आपण आयांनी, मावश्यांनी काय करायचं? ‘उन्हात काळी पडशील’, ‘पाय मोडला तर कोण करील’ हे जरा बाजूला ठेवायचं. मुलगी हरून आली तर ‘कोणी सांगितलं होतं’ असं म्हणण्याआधी तिला पाणी द्यायचं. जमलं तर मॅच बघायला जायचं. कॉलेजकडे तक्रारही करायची, पण नीट करायची. प्राचार्यांना चार जणींनी मिळून भेटायचं आणि विचारायचं, ‘‘सर, टीम कधी निवडणार? सराव किती वाजता?’’ पानठेल्यावरच्या चिडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

भाचीनं अजून सोडलेलं नाही. तिच्या हाताखाली फर्स्ट इयरच्या तीन पोरी आल्यात, त्यांना ती सकाळी सहा वाजता मैदानावर बोलावते. यंदा पहिली मॅच जिंकतील की नाही, मला माहीत नाही. पण एसटीत त्यांच्यासोबत आम्ही पाच बायका असणार, एवढं ठरलंय. डबे आमचे. तुमच्या गावच्या पोरींची मॅच कधी आहे?