छातीचा फोटो आणि कापसाची धूळ

खामगाव, मलकापूर, नांदुरा या आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या पट्ट्यात कापसावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. जिनिंगमधल्या मजुराला किंवा गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याला खोकला लागला की डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात. फोटो साफ आला की सगळे म्हणतात, काही नाही, कामावर जा. आमच्या ओळखीच्या एका पिंजारी चाचांचे असेच झाले. फोटो साफ, पण जिना चढताना दम लागे. म्हणून फोटो काय सांगतो व काय सांगत नाही, हे कारीगर व कारखानदार दोघांनीही समजून घेणे जरुरीचे आहे.

एक्स-रेचा शोध जर्मनीचे प्रोफेसर राँटजेन यांनी १८९५ साली लावला. हे किरण हाडातून कमी व हवेने भरलेल्या फुप्फुसातून जास्त पार जातात. म्हणून फोटोत हाड पांढरे व फुप्फुस काळे दिसते. क्षयाने फुप्फुसाचा भाग घट्ट झाला की त्या काळ्यात पांढरा डाग येतो.

हाच फोटो औषधांच्या संशोधनात साक्षीदार बनला. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. क्षयाच्या १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती दिली होती. फोटो तिघांनी स्वतंत्रपणे तपासले. कोणता फोटो कोणत्या गटाचा, हे त्यांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ व दुसऱ्यात १४ रोगी मरण पावले. फोटोतील मोठी सुधारणाही औषध घेणाऱ्यांतच जास्त दिसली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर, ठाण कोणाचे हे मापणाऱ्याला ठाऊक नसले की गज खरा राहतो.

परंतु कापसाच्या धुळीच्या रोगात, म्हणजे बिसिनोसिसमध्ये, हा साक्षीदार बहुधा गप्प राहतो. धुळीने श्वासनळ्या आवळतात, पण डाग पडत नाही. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे, ही याची मुख्य खूण. मुंबईचे डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा ५ वर्षे पाठपुरावा केला. हा रोग व इतर जुनाट श्वासरोग वेगळे कसे ओळखावेत, याचे ते संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे कामाची हकीकत विचारावी लागते आणि नळीत जोराने फुंकून श्वास मोजावा लागतो. पाळीच्या आधी व नंतर मोजल्यास धुळीचा परिणाम आकड्यात दिसतो.

मग फोटो काढू नये काय? जरूर काढावा, कारण क्षयाचा संशय त्यातूनही येतो. खात्री थुंकीच्या तपासणीने होते. मात्र डॉक्टरांना आपले काम काय व दम कोणत्या दिवशी लागतो, हे स्वतःहून सांगावे. कोणी संशोधनासाठी फोटो किंवा तपासणी मागितली, तर संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून किंवा ऐकून घ्यावे. नकार देण्याचा व मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आपला असतो.

कारखानदार बंधूंना एवढीच विनंती की धूळ खेचणारे पंखे बसवावेत, नाकातोंडावर चांगला मास्क द्यावा. सुरुवातीला धुळीपासून दूर झाल्यास हा त्रास कमी होतो. वर्षे गेली की गेलेला श्वास परत येत नाही. मजुराचा श्वास आपल्याकडे अमानत आहे.