पडत्या काळातली ओवी



दिवस बरे असले म्हणजे माणसाला गाणे सुचते, अशी आपली समजूत असते. पाऊस वेळेवर झाला, कापसाला भाव आला, घरात कोणाचे दुखणे नाही, म्हणजे मग कोणी भजनाला जातो, कोणी दारात मोठी रांगोळी काढते, कोणी वहीत चार ओळी लिहितो. दिवस फिरले की घरात सर्वांत आधी बंद पडते ते हेच. ‘आता कसलं गाणं अन् कसलं चित्र! आधी हे वर्ष तर निभू द्या,’ असे म्हणून आपण ती वही माळ्यावर टाकतो. मीही टाकली आहे.

आज मला तुमच्याशी जे बोलायचे आहे ते या समजुतीच्या उलट आहे. नवे काही रचण्याची, घडवण्याची जी शक्ती प्रत्येक माणसाच्या ठिकाणी थोडीबहुत असते, तिची खरी गरज पडत्या काळातच असते. आणि ती जगवायला फार काही लागत नाही. काय लागते, ते आपल्याच खानदेशातली दोन-तीन उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण माझ्या घरचे आहे. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या आजीच्या तोंडून तो इतक्या वेळा ऐकला की डोळ्यांपुढे उभा राहतो. विहिरींनी तळ दाखवला, गुरे बाजाराला गेली, आणि गावची माणसे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. खायला सुकडी मिळे. आजी सांगे, पहिले दोन-तीन दिवस खडीवर कोणी कोणाशी बोलेना. ज्यांच्या शेतात काल चार मजूर राबत होते, त्या बाया आज रस्त्याच्या कडेला दगड फोडत बसलेल्या. मान वर करायची लाज वाटे. मग एका सकाळी कोणा म्हातारीने हातोडीच्या ठोक्यावर ओवी धरली. ओवी जात्यावरचीच, पण जात्याची घरघर नाही, दगडाची ठकठक. पलीकडच्या बाईने तिला दुसरी जोडली. दुपारपर्यंत सारी रांग म्हणू लागली. त्या ओव्यांत दगड आला, मुकादम आला, मोजमापाला येणारा साहेब आला, आणि न आलेला पाऊसही आला. आपल्याला काय म्हणताहेत ते मुकादमाला कळत होते. पण ओवीचा खाडा कसा मांडायचा?

मी एकदा विचारले, ‘आजी, असल्या दिवसांत तुम्हांला गाणं सुचायचं तरी कसं?’ ती आपल्या अहिराणीत म्हणाली, ‘मुकं राहीसन दिन जास का रे भाऊ?’ मुके राहून दिवस जातो का?

या एका प्रश्नात आजच्या विषयाचे सार आहे. ते थोडे उलगडून पाहू.

संकट आले की पहिल्यांदा माणसाची वाचा बसते. पाऊस आपल्या हाती नाही, भाव आपल्या हाती नाही, मजुरीचा दर आपल्या हाती नाही. असे एकेक करून सारे हातचे गेले म्हणजे माणूस नुसता सोसणारा उरतो. अशा वेळी ज्या बाईने ओवीची पुढची ओळ जुळवली, तिच्या हातात निदान तेवढी एक गोष्ट आली. ती ओळ कोणी दिलेली नाही आणि कोणाला काढून घेता येत नाही. सोसणारी होती ती सांगणारी झाली. प्रतिकार म्हटला की आपल्याला मोर्चे आणि घोषणा आठवतात. तेही हवेतच. परंतु त्यांच्या आधीचा प्रतिकार हा असतो, की माझे दुःख मी माझ्या शब्दांत सांगेन.

जात्यावर बसणाऱ्या बायांनी हे पिढ्यान् पिढ्या केले आहे. सासरी ज्या गोष्टी तोंडातून काढायची सोय नव्हती, त्या त्यांनी पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देवाधर्माच्या ओव्या आहेत, माहेराच्या आहेत, तशाच सासुरवासाच्या, गरिबीच्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्याही आहेत. ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आली नाही, अशा बायांनी रचलेले हे वाङ्मय आहे.

हे त्यांना जमले कसे? ओवीची घडणच तशी सोयीची आहे. पुष्कळदा पहिली ओळ पूर्वीच्या बायांकडून चालत आलेली असते. दुसरीत आपले काही घालायचे. म्हणजे कोऱ्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय तीन गोष्टी आपोआप जुळून येत. हाताला काम असे, त्याचा ताल मिळे. वेळ ठरलेली असे, ती पहाटेची. आणि समोर बसून दुसरा हात देणारी कोणी तरी जाऊ-नणंद ऐकायला असे. हाताला काम, ठरलेली वेळ आणि ऐकणारा माणूस, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या उदाहरणांतही त्याच भेटतील.

आता खडीवरून तुरुंगात जाऊ. साल १९३२. कायदेभंगाची चळवळ चालू होती आणि धुळ्याच्या तुरुंगात पुष्कळ सत्याग्रही कैदी होते. विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर दिली. ती त्यांनी काही लिहून आणलेली नव्हती. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती भरभर टिपून घेतली. म्हणून आज ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे आणि भारतातल्या अनेक भाषांत गेले आहे. विचार करा, आठवड्याचे सातही दिवस सारखेच असणे हीच तुरुंगातली मोठी शिक्षा. त्या कैद्यांनी एक रविवार वेगळा केला. वाट पाहावी असे काही तरी आठवड्यात निर्माण केले. आशा म्हणजे तरी दुसरे काय असते?

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि पाच दिवसांत बहुतेक पुरी केली. पाच दिवस हा आकडा ऐकून आपण थक्क होतो. परंतु गुरुजींचा हात त्याआधीच चालता होता. अमळनेरला शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढीत. ते रोज स्वतःच्या हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. त्याला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, नाव होण्याचा संभव नव्हता. वसतिगृहातली मुले एवढेच वाचक. गुरुजींना पुढे तुरुंगात जे साधले त्याची मशागत तिथे झाली होती. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे उदाहरण खास तुमच्यासाठी आहे.

तिसरे उदाहरण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातली एक बाजू आपण विसरतो. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. लिहिणे-वाचणे त्यांना आले नाही. ऐन तिशीत वैधव्य आले. शेत, घर आणि मुले त्यांच्यावर पडली. शेतात, जात्यापाशी, चुलीपाशी त्या आपल्या लेवा बोलीत गाणी रचीत आणि म्हणत. आपण एवढे सांगतो आणि त्यांच्या प्रतिभेपुढे हात जोडतो. ते योग्यच आहे. परंतु ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरचेच एक नातलग यांनी ती ऐकता ऐकता कागदावर उतरवली, म्हणून. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिच्या नावाचे विद्यापीठ २०१८ पासून जळगावला आहे. घरात ऐकणारे कान आणि उतरवून घेणारा हात नसता, तर तिची गाणी तिच्याबरोबरच गेली असती.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘मास्तर, हे सारे खरे. पण ओवीने पाऊस पडतो का? गाण्याने सोसायटीचे कर्ज फिटते का?’ नाही, फिटत नाही. खोटे बोलून उपयोग नाही. पाण्यासाठी बांध घालावे लागतात, कर्जासाठी हिशेब आणि भांडण दोन्ही करावी लागतात, दुखण्याला डॉक्टर लागतो. गाणे त्यांची जागा घेत नाही. परंतु बांध घालायलासुद्धा उभे राहावे लागते, आणि चार माणसांबरोबर उभे राहावे लागते. ज्याची वाचा बसली तो एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस लवकर मोडतो. खडीवरच्या त्या बाया ओवी म्हणू लागल्यावर एकमेकींशी बोलू लागल्या. आणि आजी सांगे त्याप्रमाणे, पुढे माप कमी धरले जाते म्हणून साहेबापुढे गेल्या, तेव्हा साऱ्या मिळून गेल्या. ओवीने माप वाढले नाही; ओवीने बाया एकत्र आल्या.

२०२० साली साथ आली, शाळांना कुलपे लागली, माणसे घरात बसली, तेव्हा आपण सर्वांनीच हे थोडेफार अनुभवले. कोणी गोधडी शिवायला घेतली, कोणी पेटी झटकून काढली, कोणी नातवंडांना गोष्टी सांगितल्या. साथ त्याने हटली नाही, पण घरातली माणसे तगली. दार उघडल्यावर आपण ते पुन्हा सोडून दिले, एवढेच वाईट.

तर मग करायचे काय? फार मोठे काही नाही. पहिली गोष्ट, हाताशी आहे तेच घ्या. गोधडी असेल, मातीचे बैल असतील, भजनाची चाल असेल, शेताच्या बांधावर बसून लिहिलेल्या चार ओळी असतील. उंची रंग आणि गुळगुळीत कागद मिळाल्यावर सुरू करू म्हणाल तर कधीच सुरू होणार नाही. दुसरी गोष्ट, वेळ ठरवा. रोजची पाव घटका असो नाही तर आठवड्याचा रविवार असो. पण ती वेळ दुसऱ्या कशाला द्यायची नाही. मन लागत नसेल त्या दिवशी तर नक्कीच बसायचे. तिसरी गोष्ट, एक तरी ऐकणारा जोडा. शंभर वाहवा करणारे नकोत. ‘पुढं काय झालं?’ असे विचारणारा एक पुरे.

आणि शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या ओट्यावर एक हस्तलिखित भिंतीला लावा. दर आठवड्याला प्रत्येक मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट लिहून आणावी. ती ओवी असेल, म्हण असेल, दुष्काळाची आठवण असेल, पेरणीची खूण असेल. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालावी. आणि मुख्य म्हणजे भाषा ‘शुद्ध’ करू नये. बहिणाबाईंची बोली कोणी पुस्तकी करून टाकली असती तर आपल्या हाती काय उरले असते? आजी जशी बोलली तसेच मुलाने लिहावे. त्या मुलाला त्या दिवशी कळेल की आपल्या घरातही सांगण्यासारखे काही आहे. ज्या मुलाला हे कळले, त्याला ‘तुमच्यात काय आहे?’ असे म्हणून कोणी सहज दबवू शकत नाही.

शेवटी माझा गुन्हा कबूल करतो. मी मराठी घेऊन एम. ए. केले. ओवी छंदाची लक्षणे, ज्ञानेश्वरांची ओवी आणि जात्यावरची ओवी यांतला फरक, हे सारे मी वहीत नीट उतरवले होते. परीक्षेच्या दिवसांत मी माडीवर बसून ते पाठ करीत असे, आणि खाली आजी पापडाच्या पिठासाठी उडीद दळीत ओव्या म्हणत असे. एकदा तर मी वरून ओरडलो, ‘आजी, जरा हळू, अभ्यास चालला आहे.’ ती थांबली. त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. खडीवरच्या त्या ओव्यांपैकी एकही आज माझ्याजवळ नाही. माझी ती वही मात्र आहे.

म्हणून सांगतो, तुमच्या घरात अजून कोणी ओवी म्हणणारे, गोष्ट सांगणारे असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. आणि कोणीच नसेल, तर पहिली ओळ तुम्ही धरा. दुसरी जोडायला कोणी ना कोणी येईलच.