दुरुस्तीचे टेबल आणि घरातले मूल

गेल्या पावसाळ्यात तिशीचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. तक्रारी दोन : मान अवघडते आणि रात्री खोकल्याची ढास लागते. विडी-सिगारेटचे व्यसन नाही. संध्याकाळी काय करता, असे विचारले तेव्हा म्हणाले, "घरीच रेडिओ, चार्जर दुरुस्त करतो, डॉक्टरसाहेब."

पुढे त्यांच्या मुलीच्या तापासाठी घरी जाणे झाले आणि उलगडा झाला. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग चाललेले आणि खाली दीड वर्षाची मुलगी सोल्डरच्या तारेचा तुकडा चघळत बसलेली!

नेहमीच्या सोल्डरमध्ये साधारण ६० भाग कथील व ४० भाग शिसे असते. सोल्डरिंगच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. नाकात जातो तो राळेचा धूर. त्याने खोकला येतो, दमाही जडू शकतो. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषले जाते व मेंदूच्या वाढीला बाधा आणते.

यावर उपाय म्हणजे कामाची वेगळी जागा. टेबल खिडकीजवळ ठेवावे आणि धूर बाहेर जाईल असा छोटा पंखा लावावा. कामाची वस्तू बसल्यावर कोपरापेक्षा दोन-तीन इंच उंच यावी, म्हणजे मान वाकवावी लागत नाही.

शेजारी भोकांच्या लोखंडी अँगलचे रॅक उभे करावे. नटबोल्ट काढून त्याच्या फळ्या खालीवर करता येतात. रोजची हत्यारे बसल्या जागी हात पुरेल अशा फळीवर ठेवावीत. जड ट्रान्सफॉर्मर कमरेच्या उंचीवर असावेत, डोक्यावर कधीच नकोत. सोल्डर, रसायने व बटणासारखे चपटे सेल सर्वांत वर, कुलपाच्या डब्यात ठेवावेत. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. मुलाने तो गिळल्याची शंका आली तरी ओकारी काढू नये, ताबडतोब इस्पितळ गाठावे. मूल वाढते तसा त्याचा हातही वर पोचतो. तेव्हा फळीही वर सरकवावी. मूल रॅकवर चढू पाहते, म्हणून रॅक भिंतीला स्क्रूने पक्के करावे.

कामाच्या जागी चहा, तंबाखू नको. काम संपल्यावर टेबल व फरशी ओल्या फडक्याने पुसावी, कोरडा झाडू मारू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये.

त्या मुलीचे रक्त तपासून घेतले. शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले. वडिलांनी त्याच आठवड्यात टेबल मागच्या पडवीत हलवले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा प्रमाण उतरले होते. वडिलांची ढासही थांबली.

दुरुस्तीचा नाद चांगला, त्यातून चार पैसेही सुटतात. मात्र जिथे सोल्डर वितळते तिथे घरच्यांचे ताट मांडू नये.