शेवटच्या बाळाचा खर्च

गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. बाळ समोर आल्यावर आरोग्य सेविका ती सोबतच्या द्रावकात कालवते, कुपीवर पेनने वेळ लिहिते आणि तिथून चार तास मोजायला सुरुवात होते. या लसीत जंतूंची वाढ रोखणारे रसायन घातलेले नसते, त्यामुळे चार तासांनंतर उरलेली लस बाद करावीच लागते. आपल्या नियमित कार्यक्रमातल्या एका कुपीत पाच बाळांपुरती लस असते. त्या दिवशी वाडीवर नऊ महिने पूर्ण झालेले एकच बाळ असेल, तर एक डोस बाळाला आणि चार डोस कचऱ्यात.

एका बाळासाठीही कुपी फोडा, असा नियम आहे आणि तो अगदी बरोबर आहे. तरीही कुपी फोडताना हात अडखळतो. वाया गेलेले डोस मोजले जातात, रिकाम्या हाताने परत गेलेली आई मोजली जात नाही. "पुढच्या सत्राला या, तोवर अजून तीन-चार बाळं होतील," असे सांगणे सोपे असते. ती आई मात्र एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. पुढच्या वेळी ती येईलच, याची खात्री कोणी द्यावी? चार डोस वाचतात आणि एक बाळ सुटते. लसीकरणावरच्या खर्चाचे सगळे कोडे या एका कुपीत आहे.

आधी लसीच्या किमतीबद्दल. भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला. आज त्यात दरवर्षी सुमारे 2.6 कोटी बाळे येतात आणि बारा आजारांवरच्या लसी मोफत मिळतात. त्यातली जपानी मेंदूज्वराची लस तेवढी त्या आजाराचा धोका असलेल्या जिल्ह्यांपुरती आहे. इतकी मोठी खरेदी असली की भाव पडतो. बीसीजीचा एक डोस काही रुपयांत येतो. गोवर-रुबेलाचा डोस शंभर रुपयांच्याही आत असतो. पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस या शतकाच्या सुरुवातीला साडेतीन डॉलरच्या आसपास होती. 2016 मध्ये युनिसेफने केलेल्या करारात तिची सरासरी किंमत 84 सेंटवर आली. या घसरणीत भारतीय कारखान्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल. न्यूमोनियावरची पीसीव्ही ही खरी महागडी लस. अमेरिकेत खासगी डॉक्टरला तिचा एक डोस दोनशे डॉलरच्या वर पडत होता. सीरमच्या न्यूमोसिल लसीला 2019 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि गरीब देशांसाठी तिचा भाव दोन डॉलर ठरला. भारतात पीसीव्ही 2017 मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली.

म्हणजे लस स्वस्त करण्याचे काम बऱ्याच अंशी झाले आहे. आता पैसा लागतो तो तिला बाळापर्यंत पोहोचवायला.

लसीला सतत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते. मुंबईसह चार शहरांतल्या सरकारी वैद्यकीय भांडारांतून ती राज्याकडे, तिथून विभाग, जिल्हा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे येते. केंद्रात आयएलआर नावाचा खास फ्रीज असतो. त्याच्या आतल्या भिंतींना बर्फाचे अस्तर असते, म्हणून वीज गेली तरी तो बराच वेळ गार राहतो. तिथून पुढे खांद्याला अडकवायचा लसीचा डबा आणि त्यात चार आइसपॅक. हे आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट डब्यात घालत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवतात, त्यांना घाम फुटला की कानाजवळ धरून हलवतात आणि आत पाणी खुळखुळले की मगच भरतात. कारण पेंटा किंवा कावीळ ब यांसारख्या लसींना उष्णतेइतकाच गोठण्याचाही धोका असतो. त्यांच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस एकदा गोठली की या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि पुन्हा वितळवली तरी लसीचा गुण परत येत नाही. उष्णतेचा हिशेब कुपीवरची खूणच ठेवते: गोल वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाला भिडला की कुपी बाद. इतकी सोपी आणि इतकी कामाची खूण आरोग्य क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळते.

आता हिशेब मांडू. समजा, एका गावात सत्र भरवायला गाडी, माणसांचा दिवस, बर्फ, सुया, कचऱ्याची विल्हेवाट असे सगळे धरून दोन हजार रुपये लागले. वीस बाळे आली तर प्रत्येकी शंभर रुपये. डोंगरापलीकडच्या पाड्यावर दोनच बाळे असतील तर प्रत्येकी हजार, आणि तिथे गाडी जात नसेल तर त्याहूनही जास्त. लस तीच, सुई तीच. व्याप्ती साठ टक्क्यांवरून सत्तरवर नेताना जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च नव्वदवरून पंचाण्णववर जाताना येतो. अंदाजपत्रक मात्र सरासरी बाळ धरून होते. हे सरासरी बाळ रस्त्याकडेच्या गावात राहते, त्याची आई त्याच गावात वर्षभर असते आणि त्याचे कार्ड हरवत नाही.

महाराष्ट्रात या सरासरीत न बसणारी बाळे कुठे आहेत, हे सांगायला संशोधन लागत नाही. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर बोटीने जावे लागते, त्यासाठी तिथे तरंगते दवाखाने आहेत. आणि दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार निघतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सहा आठवड्यांच्या बाळाला गावात पेंटाचा पहिला डोस मिळतो. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ते बाळ कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर झोपडीवजा कोपीत असते. गावच्या यादीत त्याच्या नावापुढे 'बाहेरगावी' असे लिहिले जाते, तळाजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत ते नावच नसते. आई-बाप पहाटे फडात जातात, ते अंधार पडल्यावर येतात आणि सत्र असते दिवसा. या आईला लसीचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. पहिला डोस तिनेच दिलेला असतो.

अशी बाळे सरासरीत दिसत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 12 ते 23 महिन्यांच्या मुलांमध्ये पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण देशात 2015-16 मध्ये 62 टक्के होते, 2019-21 मध्ये ते 76 टक्क्यांवर गेले. महाराष्ट्र त्याच काळात सुमारे 56 वरून 73 टक्क्यांच्या पुढे गेला. ही प्रगती खरी आहे, तिच्यामागे हजारो आशा आणि आरोग्य सेविकांची पायपीट आहे. तरीही प्रगत म्हणवणारे आपले राज्य देशाच्या सरासरीच्या खाली राहिले, ही गोष्ट मला बोचते.

गोवराला सरासरीशी देणेघेणे नसते. पाणी उतार शोधते तसा तो लस न घेतलेल्यांची वस्ती शोधतो. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणीच सुरक्षित नसेल तर, बारा ते अठरा जणांना तो देतो. म्हणून साथ रोखायला 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. नवव्या महिन्यातला पहिला डोस साधारण 85 टक्के बाळांना संरक्षण देतो. शंभरपैकी नव्वद बाळांना तो मिळाला तर सुरक्षित झाली सुमारे 76, उरली 24. दुसऱ्या डोसाकडे दुर्लक्ष झाले आणि अशी चार वर्षे गेली, तर जवळपास एका पूर्ण वर्षात जन्मलेल्या मुलांइतका दाट जमाव गोवरासाठी तयार होतो. दर काही वर्षांनी साथ का उफाळते, याचे उत्तर या बेरजेत आहे.

2022 च्या ऑक्टोबरात मुंबईत गोवंडीतून गोवर पसरू लागला. पुढे भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले. मुंबईतला मृतांचा आकडा काही आठवड्यांत दोन आकडी झाला आणि केंद्राचे पथक आले. कोविडच्या दोन वर्षांत सत्रे विस्कळीत झाली होती, भाड्याची खोली बदलत राहणारी कुटुंबे यादीतून निसटली होती, अफवाही होत्या. शेवटी साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचे ठरले. गोवर बरा झाला म्हणून प्रश्न सुटत नाही, तो प्रतिकारशक्तीची आठवणच पुसतो. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या डच मुलांच्या रक्तातली इतर जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. मूल उठून खेळू लागते, पण पुढच्या न्यूमोनियासमोर पुन्हा उघडे पडते.

साथ आली की पैसा सापडतो. घरोघरी सर्वेक्षण, जादा खाटा, विशेष सत्रे, सगळे होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या क्लार्क काउंटीत 2019 च्या साथीत 72 रुग्ण झाले आणि समाजाचा एकूण खर्च 34 लाख डॉलर झाला, म्हणजे रुग्णामागे सुमारे 47 हजार डॉलर. आपल्याकडे रुपयांचे आकडे वेगळे असतील, प्रमाण उलटे होणार नाही. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या 94 देशांचा अभ्यास सांगतो की लसीकरणावरच्या एका डॉलरने आजारपणाच्या खर्चातले 16 डॉलर वाचतात. त्या तुलनेत आपण काय देतो? पहिल्या वर्षातल्या सगळ्या लसी पूर्ण करून घेतल्याबद्दल केंद्राच्या दराने आशाताईला बाळामागे 100 रुपये, दुसऱ्या वर्षासाठी 75. पहिल्या वर्षात निदान पाच खेपा लागतात. गावठाणातल्या आणि डोंगरापलीकडच्या बाळासाठी दर एकच असेल, तर दूरचे बाळ मागे पडणारच. अवघड बाळासाठी जास्त पैसे आणि हंगामात कारखान्याच्या तळावर संध्याकाळची सत्रे, एवढ्या दोन गोष्टी तरी सरकारने आणि कारखान्यांनी मिळून कराव्यात.

हे अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार एकही डोस न मिळालेली बाळे भारतात 2023 मध्ये 16 लाख होती, 2024 मध्ये ती 9 लाखांवर आली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत हावड्यात सापडला होता. त्या मोहिमेत रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, जत्रा असे काहीच सोडले नव्हते.

वाचकांसाठी काही गोष्टी. सरकारी केंद्रात लस मोफत असते आणि बाळ कुठल्याही गावचे असले तरी मिळते. कार्ड हरवले म्हणून कोणी परत पाठवू नये. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. तुमच्या इमारतीशेजारी बांधकाम चालू असेल, शिवारात ऊसतोड टोळी उतरली असेल, तर तिथल्या लहान मुलांची नावे आणि वये जवळच्या आरोग्य सेविकेला किंवा आशाताईला या आठवड्यातच कळवा.