पोटासाठी गाणाऱ्यांनी उभं केलेलं मंडळ

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातलं गाव. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला हुपरीच्या चांदी कारागिरांकडे जाणारा रस्ता. संगीताच्या इतिहासात या गावाचं नाव शोधूनही सापडायचं नाही. पण कोल्हापूरच्या आसपास जिथे म्हणून पेटी-तबल्याचा क्लास चालतो, तिथल्या पोरांच्या तोंडी काही शब्द हमखास असतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. 'गाणं शिकतेस?' या प्रश्नाला लागूनच 'कितवी परीक्षा झाली?' हा प्रश्न येतो. या परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, त्यावरचं नाव पाठ होतं. पण हे मंडळ कोणत्या माणसांनी उभं केलं, हे क्लासात सहसा कोणी सांगत नाही. त्यातले आघाडीचे लोक रेकॉर्डवाले, नाटकवाले आणि बोलपटवाले होते, आणि माझ्या मते मंडळ टिकलं ते त्यामुळेच.

गोष्ट सुरू होते याच जिल्ह्यात, कुरुंदवाडला. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली तिथे जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी शेजारच्या नृसिंहवाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडावर उडाला आणि दृष्टी अधू झाली. शाळा सुटली, उपचारासाठी मिरज गाठावं लागलं आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. मिरजेच्या संस्थानिकांचा आधार होता. राजाश्रयात सगळं मिळतं, मान तेवढा मिळत नाही, हे या तरुणाच्या ध्यानात आलं. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पुढे काठेवाडात तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण त्या काळी गवय्याने दरबाराऐवजी तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसासमोर बसायचं, म्हणजे अन्नदाताच बदलायचा. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला आणलं.

या विद्यालयातला 'उपदेशक वर्ग' नीट पाहण्यासारखा आहे. मुलगा विद्यालयात दाखल करायचा, पालकांनी काही वर्षांचा करार लिहून द्यायचा, जेवणखाण-राहणं बुवांकडे, आणि शिकून झाल्यावर त्या मुलाने गावोगाव जाऊन गाणं शिकवायचं. म्हणजे शिष्य घडवता घडवता शिक्षकांची फौज उभी करायची. कल्पना मोठी, हिशेब मात्र कच्चा. मुंबईत स्वतःची इमारत उभारली ती कर्जावर. बुवा दौरे करून, मैफली गाऊन हप्ते भागवत राहिले. शेवटी कर्ज वरचढ झालं आणि इमारत लिलावात गेली. उरलेला काळ नाशिकला, रामनामाच्या आश्रमात गेला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला ते वारले. गुरूने इमारत उभी केली आणि ती हातची गेली, हे शिष्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं होतं.

त्याच वर्षी शिष्य अहमदाबादेत जमले आणि मंडळ स्थापन झालं. यावेळी इमारत नव्हती. होता तो अभ्यासक्रम, परीक्षा आणि जागोजागी पसरलेले गुरुबंधू. परीक्षा शुल्कावर चालणारी संस्था कुठल्याही संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, हे धोरण कोणाला सुचलं याचा वाद घालण्यात अर्थ नाही. ते ज्यांना पटलं, त्यांचे धंदे पाहिले की पुरे.

विनायकराव पटवर्धन मिरजेचे, जन्म १८९८. लाहोरला बुवांकडे शिकले आणि १९२२ पासून दहा वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत गायक नट म्हणून उभे राहिले. रात्रीमागून रात्री तेच पद 'वन्समोअर'ला गायचं, तेही थिएटरातल्या शेवटच्या रांगेला पोहोचेल असं, ही तालीम कुठल्याही विद्यालयात मिळत नाही. मग नाटक सोडलं आणि १९३२ च्या मे महिन्यात पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुढे 'राग विज्ञान'चे भाग लिहिले, जे आजही विशारदच्या मुलांच्या दप्तरात असतात.

शंकरराव आणि नारायणराव व्यास हे भाऊ खुद्द कोल्हापूरचे. शंकररावांनी हिंदी बोलपटांना संगीत दिलं. विजय भट्टांचा १९४३ चा 'रामराज्य' त्यांचाच. गांधीजींनी पाहिलेला बोलपट म्हणून त्याचं नाव निघतं, संगीतकाराचं मात्र कोल्हापुरातही फारसं निघत नाही, आणि हे आपल्याला शोभत नाही. नारायणराव तर ग्रामोफोनचे राजेच. त्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. विनायकरावांबरोबरची जुगलबंदीही गाजली.

तबकडीपाशी थोडं थांबू या. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळायची. मैफलीत तासभर चालणारा राग त्यात बसवायचा, म्हणजे स्थायी लगेच, दोन ओळींत रागाचं रूप उघड, अंतरा, मग मोजक्या पण चमकदार ताना आणि वेळेत समेवर. नारायणराव यात वाकबगार होते. आता मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची खोली आठवा. टेबलामागे परीक्षक, समोर सतरंजीवर मुलगी, बाजूला तबलजी. 'भूपचा छोटा ख्याल म्हणा, आलाप-तानांसह.' पाच-सात मिनिटांत तिला राग दाखवायचा असतो: स्थायी, चार आलाप, अंतरा, चार ताना, तिहाई. मग हातावर टाळी-खाली दाखवत झपताल, दुगुनीसकट. हा साचा थेट तबकडीवरून उचलला असं मी म्हणणार नाही. पण थोडक्यात राग उभा करणं हे काम ज्यांनी रेकॉर्डिंगच्या खोलीत केलं होतं, त्यांना अशी परीक्षा घेण्यात संगीताचा अपमान वाटला नाही, एवढं नक्की. तासभर आलापी करणाऱ्या दरबारी उस्तादाला तो वाटला असता.

चौथे प्रा. बी. आर. देवधर, तेही मिरजेचे, जन्म १९०१. मुंबईत त्यांनी संगीताची शाळा चालवली, पाश्चात्त्य संगीत अभ्यासलं, आवाज कसा तयार करावा याचं शास्त्र मांडलं. कुमार गंधर्व त्यांच्याच हाताखाली वाढले. मंडळाचं 'संगीत कला विहार' हे मासिक त्यांनी संपादित केलं. 'थोर संगीतकार'मध्ये त्यांनी लिहिलेले गवई देव्हाऱ्यातले नाहीत. हट्टी, विक्षिप्त, पैशांच्या अडचणीतले, जिवंत आहेत. मंडळाकडून परीक्षेच्या पलीकडे काही मिळालं असेल तर ते या मासिकातून.

त्याच काळात दुसरं प्रारूपही होतं. पंडित भातखंडे वकील होते. गाणं हे त्यांचं पोट नव्हतं. १९१६ साली बडोद्याला त्यांनी परिषद भरवली, थाटांची मांडणी केली, घराण्यांच्या बंदिशी लिहून काढल्या. बुद्धीचा आवाका पाहिला तर ते पलुसकरांच्या पुढेच. दोघांच्या स्वरलिपीही वेगळ्या: पलुसकरांच्या लिपीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब खाली आणि वरचं टिंब तार सप्तकाचं. लेखी परीक्षेत याची गल्लत करून मार्क घालवणारी मुलं दरवर्षी असतात. पण खेड्यातल्या क्लासपर्यंत जाळं विणणं हे काम गायकांनीच केलं. त्यांना गिऱ्हाईक ठाऊक होतं.

कोल्हापुरात तिसरा नमुनाही आहे: १८८३ चा गायन समाज देवल क्लब, रसिकांनी चालवलेला. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारात आल्यावर या गावाला जे कान मिळाले, त्यात या क्लबचा वाटा मोठा. गोविंदराव टेंबे याच वातावरणातले. त्यांनी 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त नायकही झाले. रसिकांची संस्था कान घडवते. रोजगार मात्र ती घडवत नाही.

आता तक्रार. मंडळाच्या धुरिणांनी बाजार ओळखला, पण त्यांनी आपलं म्हणून जे घेतलं ते ख्याल, भजन, तबला, पुढे कथक-भरतनाट्यम. ज्या मातीत ते जन्मले, तिचं गाणं बाहेर राहिलं. गडमुडशिंगीहून हुपरीच्या दिशेने पुढे गेलं की पट्टणकोडोली लागते. दिवाळीच्या आधी तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला या. भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं, गजी ढोलांचे ताफे एकमेकांना भिडतात, कैताळाची धार कानात उतरते आणि धनगरी ओव्या रात्रभर चालतात. ढोल कोणी कधी फिरवायचा, ओवीला झील कोणी धरायची, ठेका कुठे दुप्पट करायचा, याला नियम आहेत आणि ते शिकावे लागतात. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर या ओव्यांमागे आयुष्यभर फिरले. आपल्या विशारदांनी त्या किती ऐकल्या, हे विचारूच नये.

शाहिरीचंही तेच. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक ही कोल्हापूरची माणसं. डफ-तुणतुण्यावर त्यांनी जे केलं, त्याला ताल आहे, स्वराचा लगाव आहे, शब्द फेकण्याची वेगळी विद्या आहे. परीक्षा मात्र नाही. राज्य सरकार दहावीला कलेचे वाढीव गुण देतं, तेव्हाही फरक उघडा पडतो: शास्त्रीय गाण्याला परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे गुण, लोककलेला प्रयोग किती केले त्याचे. एकीकडे शिक्षण मोजतात, दुसरीकडे हजेरी.

लोककलेला परीक्षेत कोंबलं तर ती मरेल, असं म्हणणारे भेटतात. हीच भीती १९३१ साली ख्यालाबद्दलही घातली जात होती. ख्याल मेला नाही. उलट तालुक्याच्या गावात तबला शिकवून चार माणसं संसार चालवू लागली. परीक्षेने मोठे गवई घडत नाहीत हे खरं, पण परीक्षेने श्रोते आणि शिक्षक घडतात.

म्हणून मंडळाला आणि सरकारच्या सांस्कृतिक खात्यालाही एक विनंती. पुढच्या वेळी लोकसंगीताचा अभ्यासक्रम कागदावर घ्याल, तेव्हा समितीत प्राध्यापक दोन कमी बसवा आणि त्या जागी पट्टणकोडोलीच्या यात्रेत ढोल वाजवून बिदागी घेणारा एक आणि पोवाड्यावर घर चालवणारा एक शाहीर बसवा. त्यांना मानधन द्या, प्रवासखर्च द्या, आणि अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा त्यांच्याकडूनच मागा.